अठराव्या प्रश्नातले ‘होय’

अमेरिकेत वैमानिकाचे मेडिकल, म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र, काढायचे तर ८५००-८ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो. हल्ली तो ऑनलाइन भरतात. नाव, पत्ता, केसांचा रंग असे रकाने भराभर भरून होतात आणि हात थबकतो तो अठराव्या प्रश्नाशी. या प्रश्नाची सुरुवातच अशी आहे की भरणारा जरा सावरून बसतो: आयुष्यात आजवर कधीही तुम्हाला पुढीलपैकी काही झाले आहे का, किंवा आज आहे का? खाली इंग्रजी ‘ए’पासून ‘वाय’पर्यंत पंचवीस ओळी. डोकेदुखी, चक्कर, दमा, हृदयविकार, मूतखडा. प्रत्येक ओळीपुढे ‘होय’ आणि ‘नाही’ अशा दोनच चौकटी. एकही ओळ कोरी सोडता येत नाही.

तरुणपणी कधी गांजासकट पकडला गेलेला, पार्टीतून गाडी चालवत परतताना पोलिसांनी अडवलेला किंवा कोकेनच्या नादातून बाहेर पडलेला माणूस या पंचवीस ओळींपैकी चारच ओळी पुन्हा पुन्हा वाचतो. ‘एन’, ‘ओ’, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’. विमान उडवण्याचे त्याचे स्वप्न या चार ओळींशी अडकलेले असते. अशा माणसाला मी एकच गोष्ट सांगेन आणि पुढचा सगळा लेख त्यासाठीच आहे: जुन्या गुन्ह्यामुळे कॉकपिटचे दार कायमचे बंद होणे विरळा, त्या गुन्ह्याबद्दल खोटे लिहिल्यामुळे ते बंद होणे मात्र सहज शक्य आहे.

आधी त्या चार ओळी नीट वाचू, कारण घोळ तिथेच होतो. ‘एन’मध्ये अमली पदार्थांबद्दल विचारले आहे, पण त्यात दोन वेगवेगळे काळ आहेत. पदार्थाचे व्यसन जडले होते का, किंवा ड्रग टेस्टमध्ये नापास झालात का, हे आयुष्यभरासाठी विचारले आहे. बेकायदा पदार्थ घेतला का, हे मात्र गेल्या दोन वर्षांपुरतेच. म्हणजे कॉलेजात दहा वर्षांपूर्वी दोनचार वेळा गांजा ओढला, पुन्हा हात लावला नाही, व्यसनाचे निदान नाही, कुठल्या टेस्टमध्ये नापास नाही, तर ‘एन’पुढे प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहिता येते. ‘ओ’ दारूच्या व्यसनाबद्दल आहे. ‘डब्ल्यू’ वाहतुकीशी संबंध नसलेल्या गुन्ह्यांत दोषी ठरलात का ते विचारतो. इथे शब्द आहे ‘दोषी ठरणे’. नुसती अटक या ओळीत मोडत नाही.

सगळ्यात फसवी ओळ ‘व्ही’. नशेत गाडी चालवल्याबद्दल अटक किंवा शिक्षा झाली का, हा तिचा पहिला भाग. तो सगळ्यांना कळतो. दुसरा भाग वाचायचा राहून जातो. एखाद्या प्रकरणात अटक, शिक्षा किंवा प्रशासकीय कारवाई झाली आणि तिच्यामुळे वाहन परवाना नाकारला, निलंबित झाला किंवा रद्द झाला, किंवा एखाद्या शिकवणीला वा व्यसनमुक्ती कार्यक्रमाला बसावे लागले, तर तेही इथेच लिहायचे. गाडीचा काही संबंध होता की नाही, हे इथे विचारलेलेच नाही.

एक उदाहरण घेऊ. माणूस कल्पित आहे, पण कायदा खरा. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये वाढलेला एक मराठी मुलगा. २०१५ साली वसतिगृहाच्या पार्किंगमध्ये खिशात थोडा गांजा सापडला. त्या वेळच्या न्यू जर्सीच्या कायद्यानुसार पन्नास ग्रॅमपर्यंत गांजा बाळगणे हा किरकोळ वर्गातला गुन्हा होता. पहिलाच गुन्हा असेल तर न्यायालय खटला थांबवून ठेवायचे, काही महिने देखरेखीखाली वागणूक चांगली राहिली की प्रकरण निकाली काढून दोषी न ठरवताच सोडून द्यायचे. मात्र अमली पदार्थाच्या प्रकरणात वाहन परवानाही निलंबित होऊ शकत असे. आपल्या मुलाचा तो सहा महिने झाला. घरात त्या सहा महिन्यांविषयी कुणी बोलत नाही. आज तो तिशीकडे झुकला आहे, नोकरी करतो, शनिवारी फ्लाइंग स्कूलमध्ये जातो. अर्ज समोर आल्यावर वडील म्हणतात, “मिटलंय ना ते? दोषी ठरवलं नाही ना? मग कशाला उकरून काढतोस?”

‘डब्ल्यू’पुरते वडिलांचे बरोबर आहे. मुलगा दोषी ठरलेला नाही. पण ‘व्ही’च्या दुसऱ्या भागात तो सरळसरळ बसतो: अटक झाली होती आणि त्या प्रकरणातून वाहन परवाना निलंबित झाला होता. तिथे ‘होय’ लिहायला हवे.

आणखी एक गाठ आहे. न्यू जर्सीने फेब्रुवारी २०२१मध्ये कायदा करून प्रौढांसाठी गांजा खुला केला आणि त्यानंतर तिथल्या न्यायालयांनी गांजाच्या लाखो जुन्या प्रकरणांच्या नोंदी आपणहून पुसल्या. साहजिकच माणसाला वाटते की नोंदच नाही, तर प्रश्नही नाही. पण अर्ज सध्याची नोंद विचारत नाही, तो इतिहास विचारतो. दफ्तरातला कागद गेला म्हणून घडलेली गोष्ट न घडलेली होत नाही. नोंद पुसलेली असेल, गुन्हा अल्पवयात झाला असेल, किंवा खटला असा अर्धवट थांबवून मिटवलेला असेल, तर कुठल्या ओळीत काय लिहायचे हे विमानवाहतुकीचे कायदे जाणणाऱ्या वकिलाला विचारूनच ठरवावे. नेहमीचा फौजदारी वकील इथे पुरत नाही. त्याच्या दृष्टीने नोंद पुसली गेली की काम संपलेले असते.

खोटे लिहिले तर काय होते? अर्जाच्या छापील इशाऱ्यातच ते आहे. केंद्र सरकारच्या खात्याला जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा अमेरिकेत स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. अमेरिकेतल्या विमानवाहतुकीवर देखरेख करणाऱ्या एफएए या खात्याच्या नियमांतले ६७.४०३ हे कलम तर मेडिकलवर थांबत नाही. खोटे विधान सापडले की मेडिकल, वैमानिकाचा परवाना, प्रशिक्षकाचे रेटिंग, सगळेच काढून घेता येते. दहा वर्षे खपून मिळवलेले एका पत्रासरशी जाते, आणि साधारण वर्षभराच्या बंदीनंतर पुन्हा पहिल्या परीक्षेपासून सुरुवात करावी लागते. मूळ गुन्हा मात्र, खरा सांगितला असता तर, कदाचित चार कागदांत निभावला असता. मला या सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त वाईट वाटते ते याचेच.

“त्यांना कळणार कसं?” असेही पुष्कळजण म्हणतात. अर्जावर सही करताना आपण नॅशनल ड्रायव्हर रजिस्टर तपासायची परवानगी देतो. परवाना निलंबित किंवा रद्द झालेल्या चालकांची माहिती राज्याराज्यांतून एकत्र करणारी ही केंद्रीय सूची आहे. शिवाय सरकारी खाती एकमेकांच्या याद्या ताडून पाहतात. २००२ साली अमेरिकेच्या वाहतूक खात्याने आणि सोशल सिक्युरिटीच्या खात्याने मिळून उत्तर कॅलिफोर्नियातल्या चाळीस हजारांहून अधिक वैमानिकांची नावे अपंगत्वाचा भत्ता घेणाऱ्यांच्या यादीशी जुळवली. ‘ऑपरेशन सेफ पायलट’ असे त्या मोहिमेचे नाव. एकीकडे आपण आजारी आहोत असे सांगून भत्ता घेणारे आणि दुसरीकडे आपण ठणठणीत आहोत असे सांगून मेडिकल घेणारे लोक त्यात सापडले. अनेकांवर खटले झाले. अठराव्या प्रश्नातली शेवटची ‘वाय’ ओळ त्यानंतर आली. ती अपंगत्वाच्या भत्त्याबद्दलच आहे.

एवढा कडकपणा कुठून आला हेही पाहायला हवे, कारण त्यामागे माणसे मेलेली आहेत. १९ जानेवारी १९८८च्या संध्याकाळी डेन्व्हरहून निघालेले कॉन्टिनेंटल एक्स्प्रेसचे २२८६ क्रमांकाचे छोटे विमान कोलोरॅडोतल्या डुरांगोजवळ बर्फात कोसळले. आत १७ जण होते. दोन्ही वैमानिकांसह ९ जण गेले. विमान सहवैमानिकाच्या हाती होते आणि त्याच्यावर लक्ष ठेवणे हे कॅप्टनचे काम होते. कॅप्टनच्या शरीरात कोकेनचे अवशेष सापडले. अपघातांची चौकशी करणाऱ्या मंडळाने आपल्या निष्कर्षात स्पष्ट लिहिले की उड्डाणाआधी घेतलेल्या कोकेनमुळे कॅप्टनची कामगिरी ढासळली होती आणि अपघाताला तेही कारणीभूत ठरले. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कोकेनची धुंदी उतरली म्हणजे माणूस पूर्ववत होतो असे नाही. मागे उरते ती झोप मोडलेली, थकलेली, मंदावलेली अवस्था. अवघड हवामानात, उतरत्या विमानात, दुसऱ्याची चूक दोन सेकंदांत ओळखायची असते तेव्हा हा मंदपणाच घात करतो. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात हवाई कर्मचाऱ्यांच्या ड्रग टेस्टचे नियम निघाले आणि १९९१मध्ये अमेरिकी काँग्रेसने रेल्वे, ट्रक, विमाने अशा सगळ्याच वाहतुकीला टेस्ट बंधनकारक करणारा कायदा केला.

नियमांकडे पाहताना एक फरक ध्यानात ठेवला तर बराच गोंधळ मिटतो. एफएएमध्ये या प्रश्नाकडे दोन वेगळ्या बाजूंनी पाहिले जाते. एक बाजू कायद्याची. ६१.१५ हे कलम सांगते की अमली पदार्थ पिकवणे, बनवणे, विकणे, बाळगणे, नेणे-आणणे यांपैकी कशातही दोषी ठरलात तर अंतिम निकालापासून एक वर्षापर्यंत तुमचा परवान्याचा अर्ज नाकारता येतो, आणि हातात असलेला परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. विमानातून माल वाहिला असेल तर गोष्ट फारच वेगळी. त्यासाठी १९८४ साली स्वतंत्र कायदा झाला आणि तो अत्यंत कठोर आहे. दुसरी बाजू वैद्यकाची. तिथला डॉक्टर न्यायाधीश नसतो. गुन्ह्याची शिक्षा झाली की नाही याच्याशी त्याला फारसे कर्तव्य नसते. या गुन्ह्याआड व्यसन आहे का, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. व्यसनाची लक्षणे नियमातच दिली आहेत: तोच परिणाम साधायला अधिकाधिक मात्रा लागणे, सोडल्यावर त्रास होणे, घेण्यावर ताबा न राहणे, तब्येतीचे आणि संसाराचे नुकसान दिसत असूनही घेत राहणे. असे निदान झाले तर किमान दोन वर्षे पूर्ण वर्ज्य आणि सुधारणेचा समाधानकारक पुरावा लागतो. ‘कमी केलं’ हे उत्तर तिथे चालत नाही.

या दोन बाजूंमुळे एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट घडते. फक्त एकदा विकताना सापडलेला, स्वतः कधीही न घेतलेला माणूस वैद्यकीयदृष्ट्या निरोगी ठरू शकतो, पण कायद्याच्या बाजूने तो अडकतो. विमान कंपनीत जायचे तर आणखी अडकतो, कारण अमली पदार्थ वाटण्याचा, विकण्याच्या हेतूने बाळगण्याचा गुन्हा गेल्या दहा वर्षांत झालेला असेल तर विमानतळाच्या सुरक्षित भागात जायचा बिल्लाच मिळत नाही. एअरलाइन कॅप्टनसाठी लागणाऱ्या सर्वोच्च परवान्यात तर ‘चांगले नैतिक चारित्र्य’ ही अटच आहे. उलट, कधीही अटक न झालेला पण वर्षानुवर्षे गोळ्यांच्या आहारी गेलेला माणूस पोलिसांच्या दफ्तरी स्वच्छ असतो आणि मेडिकलमध्ये नापास होतो.

ज्यांच्या हातात परवाना आधीच आहे त्यांची हमखास चूक होते ती साठ दिवसांच्या पत्रात. दारूच्या किंवा नशेच्या अमलाखाली गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झाली, किंवा त्यासाठी वाहन परवाना निलंबित झाला, तर साठ दिवसांच्या आत एफएएच्या सुरक्षा विभागाला लेखी कळवावे लागते. पुढच्या मेडिकलच्या अर्जात ‘होय’ लिहिले म्हणजे हे पत्र पाठवल्यासारखे होत नाही, आणि पत्र पाठवले म्हणजे अर्जात लिहायचे राहिले तरी चालते असेही नाही. दोन वेगळी टेबले, दोन वेगळ्या फायली. एकाच रात्रीतून दोन कारवाया निघू शकतात: वाहन परवान्याचे प्रशासकीय निलंबन लगेच होते आणि न्यायालयाचा निकाल काही महिन्यांनी येतो. दोन्ही वेळा कळवायचे. आणि रक्तातले दारूचे प्रमाण ०.१५ किंवा त्याहून अधिक निघाले असेल, तर डॉक्टरांच्या मनात लगेच व्यसनाची शंका येते, कारण इतकी दारू पचवून गाडी चालवू शकणारे शरीर सवयीने तयार झालेले असते.

आता व्यसनच होते अशा माणसाचे काय? इथे अमेरिकेने एक गोष्ट चांगली केली आहे आणि ती आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही. १९७०च्या दशकात एअरलाइन वैमानिकांच्या संघटनेने सरकारी मदतीने ‘हिम्स’ नावाचा कार्यक्रम उभा केला. दारुड्या वैमानिकाला हाकलले की तो सुधारत नाही, आणि हाकलतील या भीतीने बाकीचे लपवतात, हे ओळखून तो आखला होता. वैमानिकाने कबूल करायचे, उपचार घ्यायचे, मग वर्षानुवर्षे न कळवता होणाऱ्या टेस्ट, मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल, बुद्धीची आणि एकाग्रतेची चाचणी, कंपनीतला वरिष्ठ आणि सहकारी यांची नजर, बरोबरीच्या लोकांच्या बैठका. हे सारे ‘हिम्स’चे खास प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर जुळवून आणतो आणि फाइल वॉशिंग्टनच्या फेडरल एअर सर्जनकडे जाते. तिथून ‘स्पेशल इश्यूअन्स’ मिळते, म्हणजे मुदतीचे, अटींचे मेडिकल. तो हक्क नाही, मर्जीचा निर्णय आहे. खर्च हजारो डॉलरांत जातो आणि त्यातला बराचसा विमा देत नाही. एकट्याने, कंपनीशिवाय या वाटेने जाणाऱ्या हौशी वैमानिकाला ती फार जड जाते, हे मात्र मान्य केले पाहिजे.

या वाटेवरून गेलेल्यांत लाइल प्राउस यांची हकिकत सांगितल्यावाचून राहवत नाही. पदार्थ दारू होता, पण प्रश्न तोच. ८ मार्च १९९० रोजी सकाळी नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे बोइंग ७२७ फार्गोहून मिनियापोलिसला गेले. कॅप्टन प्राउस आणि त्यांचे दोन सहकारी आदल्या रात्री उशिरापर्यंत बारमध्ये पीत बसले होते. विमान सुखरूप उतरले आणि तिघांनाही तिथेच ताब्यात घेतले. विमान नशेत चालवल्याबद्दल केंद्रीय कायद्याखाली दोषी ठरलेले अमेरिकेतले हे पहिले व्यावसायिक वैमानिक. प्राउस यांना सोळा महिन्यांची शिक्षा झाली. नोकरी गेली, सगळे परवाने गेले, देशभर छी-थू झाली. पन्नाशी ओलांडलेला, मरीन दलात लढाऊ विमाने उडवलेला हा माणूस तुरुंगातून सुटला आणि दारू सोडून पुन्हा शून्यापासून उभा राहिला. मेडिकल परत मिळवले. नवशिक्याप्रमाणे खासगी परवान्यापासून एकेक परीक्षा पुन्हा दिली. नॉर्थवेस्टने त्यांना परत घेतले आणि १९९८ साली, साठाव्या वर्षी, ते त्याच कंपनीतून बोइंग ७४७चे कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. जानेवारी २००१मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना माफी दिली. मला यात विशेष वाटते ते असे की नियम त्यांच्यासाठी कुणी वाकवले नाहीत. प्रत्येक पायरी चढायला लावली आणि चढल्यावर पुढची अडवली नाही.

पण सगळेजण सांगायला पुढे येत नाहीत. ऑक्टोबर २०२३मध्ये एव्हरेटहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या होरायझन एअरच्या विमानात कॉकपिटमधल्या जादा आसनावर बसलेल्या, ड्युटीवर नसलेल्या जोसेफ इमरसन या वैमानिकाने दोन्ही इंजिने बंद करणाऱ्या मुठी ओढण्याचा प्रयत्न केला. वैमानिकांनी त्याला आवरले आणि विमान पोर्टलंडला उतरवले. त्याने दोन दिवस आधी नशेचे मशरूम खाल्ले होते आणि बराच काळ तो नैराश्याशी झगडत होता. लगोलग एफएएने वैमानिकांचे मानसिक आरोग्य आणि मेडिकल यांचा विचार करायला समिती नेमली आणि २०२४च्या वसंतात तिचा अहवाल आला. मेडिकल जाईल या धास्तीने वैमानिक डॉक्टरकडे जायचेच टाळतात, हे त्या समितीच्या चर्चेचे मूळ होते. नियम कडक हवेतच, पण सांगणाऱ्याची फाइल महिनोन्‌महिने पडून राहत असेल तर न सांगणारा स्वतःला शहाणा समजू लागतो. एफएएने माणसे वाढवून हा वेळ कमी केला तर सुरक्षितता वाढेलच, असे मला ठाम वाटते.

गांजाबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण फसगत तिथे सर्वांत जास्त होते. राज्याने खुला केला तरी केंद्राच्या कायद्यात तो नियंत्रित पदार्थच आहे, आणि आकाश केंद्राच्या अखत्यारीत येते. कॅलिफोर्नियात दुकानातून पावती घेऊन विकत घेतलेला असो किंवा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळालेला असो, एफएएला फरक पडत नाही. गांजाच्याच झाडापासून काढलेले ‘सीबीडी’चे तेल सांधेदुखीला लावले, त्यात थोडे टीएचसी, म्हणजे नशा आणणारे द्रव्य, निघाले, टेस्टमध्ये नापास झालो, हेही कारण ऐकून घेत नाहीत. आपल्या मुलांच्या बाबतीत यात भांगेची भर पडते. भारतातल्या १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाच्या व्याख्येतून नुसती पाने वगळली आहेत, म्हणून काही राज्यांत भांगेची परवानाधारक दुकाने उघडपणे चालतात आणि होळीच्या, महाशिवरात्रीच्या थंडाईला कुणी नशा म्हणतही नाही. पण त्या पानांतही तेच टीएचसी असते आणि ते शरीरातून लगेच जात नाही. सुट्टीला घरी येऊन थंडाई पिऊन टेक्सासला किंवा फ्लोरिडाला परतलेल्या विद्यार्थ्याच्या लघवीच्या नमुन्याला सणवार कळत नाही. भारतात परतूनही सुटका नाही. ३१ जानेवारी २०२२पासून तिथल्या विमानवाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएनेही वैमानिक आणि हवाई नियंत्रकांच्या ड्रग टेस्ट सुरू केल्या. पहिल्यांदा सापडला तर व्यसनमुक्तीसाठी पाठवतात, दुसऱ्यांदा परवाना तीन वर्षे निलंबित होतो आणि तिसऱ्यांदा रद्द.

अर्ज पाठवण्याआधी करायच्या गोष्टींत एक अशी आहे की ती चुकली तर मागे फिरता येत नाही. ऑनलाइन अर्ज भरल्यावर एक कन्फर्मेशन नंबर मिळतो. हवाई वैद्यकीय परीक्षक, ज्याला सगळे एएमई म्हणतात, तो नंबर आपल्या संगणकात घालून अर्ज उघडत नाही तोवर परीक्षा सुरू झालेली नसते आणि साठ दिवसांनी तो अर्ज आपोआप निघून जातो. नंबर घातला की अर्ज सरकारी दफ्तरात गेला. तिथून मंजूर, राखून ठेवलेला किंवा नामंजूर असे तीनच निकाल निघतात. म्हणून आधी नंबर न देता, केवळ सल्ला घेण्यासाठी एएमईची वेळ घ्यावी, पैसे द्यावेत आणि सारे सांगावे. ज्याला फक्त हौसेसाठी छोटे विमान उडवायचे आहे त्याला तर हे आणखी महत्त्वाचे. स्पोर्ट पायलटला अमेरिकेत मेडिकलऐवजी वाहन परवाना चालतो, पण शेवटचा मेडिकलचा अर्ज नामंजूर झालेला असेल तर ती सवलत जाते. म्हणजे ज्याने कधी अर्जच केला नाही तो उडू शकतो, आणि घाईने अर्ज करून नापास झालेला मात्र जमिनीवर राहतो. ग्लायडरला मेडिकल लागतच नाही.

आपल्या एडिसनच्या मुलाकडे परत येऊ. त्याने दोन महिने कागद जमवण्यात घालवले. म्युनिसिपल कोर्टाच्या क्लार्ककडून प्रकरण निकाली निघाल्याचा शिक्क्याचा कागद, किंवा नोंद पुसली गेल्यामुळे कागद उपलब्ध नाही असे पत्र. पोलिसांचा अटकेचा अहवाल. मोटर वाहन खात्याकडून परवान्याचा पूर्ण इतिहास, निलंबनाच्या तारखांसकट. वाहन चालवणाऱ्याच्या हातातला परवाना पाहून हे कळत नाही, तो इतिहास वेगळा मागावा लागतो. मग स्वतःचे एक पानी निवेदन: काय झाले, कधी, किती घेत होतो, शेवटचे कधी घेतले, त्यानंतर काय. हे निवेदन लिहिणे त्याला सगळ्यात जड गेले. पहिल्या खर्ड्यात मित्रांचा दोष होता, दुसऱ्यात पोलिसांचा. तिसऱ्यात फक्त तारखा आणि घडलेले उरले, आणि तेच पाठवण्याजोगे होते.

परीक्षेच्या दिवशी एएमईने डोळे, कान, रक्तदाब तपासला, लघवीत साखर आहे का पाहिले. या तपासणीत अमली पदार्थांची चाचणी नसते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मग कागद चाळले. वर्षे उलटली आहेत, पुन्हा काही घडले नाही, कागद एकमेकांशी जुळतात. अशा वेळी डॉक्टर वरिष्ठांना फोन करून तिथेच मेडिकल हातात देऊ शकतो. शंका असेल तर फाइल ओक्लाहोमा सिटीतल्या एफएएच्या वैद्यकीय कार्यालयात जाते, तिथून आणखी कागद मागणारे पत्र येते आणि काही महिने वाट पाहावी लागते. राखून ठेवणे म्हणजे नामंजुरी नव्हे, हे त्या महिन्यांत स्वतःला समजावत राहावे लागते.

समजा, मिळाले. त्याला एअरलाइनमध्ये जायचे आहे, म्हणून फर्स्ट क्लास मेडिकल, आणि चाळिशीच्या आत ते वर्षभर चालते. पुढच्या वर्षी पुन्हा तोच ८५००-८, तोच अठरावा प्रश्न, तीच ‘व्ही’ ओळ. तिथले ‘होय’ आता जन्मभर तसेच राहणार आहे. बदलते ती फक्त खालची स्पष्टीकरणाची चौकट. पहिल्या वर्षी तिच्यात न्यायालय, तारखा, निलंबन, सारे मावेनासे झाले होते. दुसऱ्या वर्षापासून तिथे चारच शब्द लिहायचे असतात, आणि एफएए ते तसेच चालवून घेते: ‘आधी कळवले, बदल नाही’.